दंडावरचं चक्र

देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा माणूस आमच्या रस्त्यात आला की आई मडीत जायची. सकाळी आला तर सकाळी, दुपारी आला तर दुपारी. मडी म्हणजे सोवळं. आमच्या तंजावरकडच्या मराठी घरांत हाच शब्द चालतो. अंगावर घागर ओतून घ्यायची, ओलेत्यानं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत उभी राहायची आणि मला सांगायची, "सांग त्यास, शिवूं नये म्हणून." मी बाहेर जाऊन तामिळमध्ये सांगायची की अम्मा मडीत आहेत, हात लावता येणार नाही. तो बिचारा छत्री मिटून दारापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर टेकायचा, दिलेलं ताक प्यायचा आणि पुढच्या घरी जायचा. बारा वर्षांनी येणाऱ्या महामहमाच्या पर्वणीच्या वर्षी आमच्या कुंभकोणात सुया घेऊन फिरणाऱ्यांच्या टोळ्याच आल्या होत्या. तेव्हाही आई मडीतच होती. इतकं सोवळं मठातल्या स्वामींनीसुद्धा पाळलं नसेल.

तिचा हट्ट अगदीच बिनबुडाचा होता असंही नाही. लस वासराच्या अंगावर फोड आणून त्यातून काढतात, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. वासराच्या अंगातला पू आपल्या अंगात, हे म्हणतानाच तिला उमासे यायचे. आणि दुसरं म्हणजे तिचा दंड. आम्ही वैष्णव. आषाढी एकादशीला स्वामी तापवलेल्या मुद्रा अंगावर उमटवतात, उजवीकडे चक्र आणि डावीकडे शंख. बहुतेकांची मुद्रा महिन्या-दोन महिन्यांत पुसट होते. आई लहान असताना मात्र मुद्रा जरा जास्तच तापली होती, त्यात ती ऐन वेळी हलली, जखम चिघळली आणि उजव्या दंडावर चक्राचा व्रण कायमचा राहिला. पावलीएवढा गोल, कडेनं दातेरी, मध्ये किंचित खोलगट. देवानं स्वतःच्या हातानं शिक्का मारला आहे, त्या दंडाला म्युनिसिपालटीचा माणूस सुरी लावणार, हे तिला सहन होणं शक्यच नव्हतं.

महामहमानंतरच्या वर्षी, उन्हं तापायला लागली त्या सुमारास, आमच्या रस्त्यात अम्मा आली. देवीच्या रोगाला आमच्याकडे रोग म्हणत नाहीत, अम्मा आली म्हणतात. आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या तामिळ घरातली शेजारीण, आम्ही तिला मामी म्हणायचो, ती अंथरुणाला खिळली. ती आईच्याच वयाची, दोघींची परसातल्या विहिरीवर रोजची बैठक. तिच्या दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले आणि त्या दिवसापासून आमच्या सगळ्यांच्याच जगण्याला एक शिणवटा आला.

मला त्या दिवसांतलं भय फारसं आठवत नाही, कंटाळा आठवतो. अम्मा शेजारी असताना फोडणी करायची नाही, तेलाचा वास तिला सोसत नाही. म्हणजे रोज आळणी पेज, उकडलेला भोपळा आणि ताकभात. परीट येईना, म्हणून वडलांच्या, अप्पांच्या धोतरांपासून सगळं मी धुवायचं. न्हावी येईना, म्हणून अप्पा दाढी वाढवून बसले. ते शाळेत चित्रकला शिकवायचे आणि शाळा बंद होती. दूधवाला कोपऱ्यावर उभा राहून हाक मारायचा, आपण भांडं ठेवून मागं सरायचं, मग तो पुढं येऊन ओतायचा. दारात हळदीचं पाणी, उंबऱ्यावर निंब, अंथरुणाखाली निंब, आंघोळीच्या पाण्यात निंब. कुणाकडे गेलंच तर निघताना "येतो" म्हणायचं नाही, मुकाट्यानं उठून चालू लागायचं, नाहीतर अम्मा सोबत येते. मी विशीची होते, मुळात तिखट स्वभावाची, आणि हा सगळा कडू पाला उपसून इतकी वैतागले होते की भांडायलाही त्राण नव्हतं.

आईला मात्र यातलं काही दिसत नव्हतं. तिचं सगळं लक्ष मन्नारगुडीला होतं. तिथं माझी थोरली बहीण, अक्का, दिली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. आधीचं मूल सातव्या महिन्यातच गेलं होतं. तेव्हा ती आमच्याकडेच होती आणि तो सगळा वेळ तिनं आईचा हात धरून काढली होती. नंतर उठून बसली तेव्हा पहिली गोष्ट बोलली ती हीच, "पुढल्या वेळीं तू जवळ नसलीस तर मी मरेन." आईनं डोक्यावर हात ठेवून कबूल केलं होतं. आता बाळंतपणाला ती माहेरीच यायची होती, तर माहेरच्या रस्त्याला निंब लागलेला. तिला आणता येत नव्हतं, तेव्हा आईनं तिकडे जायचं हे ठरलेलंच होतं.

मन्नारगुडीच्या बसचा एक कंडक्टर आमच्या ओळखीचा होता, त्याच्या तोंडी विहीणबाईंचा निरोप आला. अक्काला कधीही कळा सुरू होतील, आईनं यावं. पण देवी काढलेल्या असतील तरच यावं. विहीणबाईंना हे बोलायचा अधिकार होता. त्या सात-आठ वर्षांच्या असताना त्यांच्या घरात अम्मा आली, दोन धाकटे भाऊ गेले, त्यांचा स्वतःचा एक डोळा गेला आणि चेहऱ्यावर वण राहिले. त्यांच्या घरात लस टोचणारा आला की त्या त्याला पाट द्यायच्या.

निरोप ऐकून आईनं गाठोड्याचं फडकं काढून ठेवलं. पहाटे उठून गाठोडं बांधायला लागली. मी विचारलं, देवीचं काय? म्हणाली, "वाटेंत बघूं." वाटेत काय बघायचं ते मला कळलं नाही, पण निदान या रस्त्यातून बाहेर पडायला मिळतंय म्हणून मी गप्प बसले. अप्पांचा पाय सुजला होता, शिवाय देवापुढं दिवा लावायला कुणीतरी हवं, म्हणून ते मागं राहिले. आईनं फिरकीच्या तांब्यात घरचं उकळलेलं पाणी घेतलं, बसच्या बाकावर घालायला धुतलेली जुनी रेशमी साडी घेतली, कापूर आणि वेखंड फडक्यात बांधून एक पुरचुंडी माझ्या गळ्यात अडकवली, एक स्वतःच्या. अप्पांना आम्ही "येतो" म्हटलं नाही. तेही दाराकडे पाठ करून उभे राहिले.

बसच्या थांब्यावर पोचलो तर पहिली बस त्याच ओळखीच्या कंडक्टरची. त्यानं आम्हाला बघितलं, मान खाली घातली आणि म्हणाला, तुमच्या रस्त्यात अम्मा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, घेतलं तर लोक खाली उतरतील. निरोप आणायला तयार आणि माणसं न्यायला नाही. तो तरी काय करणार म्हणा. बस गेली. गाड्या तेव्हा कमी केल्या होत्या, दुसरी कधी येईल ते कुणालाच सांगता येईना. ऊन चढलं. थांब्यावरचं कॉफीचं दुकान बंद होतं. कुणी खोकलं की बाजूची माणसं सरकायची, आम्ही सरकलो की दुसरी कुणीतरी सरकायची, असं करत करत सगळी सावली वाटून संपली आणि आम्ही दोघी उन्हात आलो. आई गाठोड्यावर बसली नाही, ते मडीचं होतं. जमिनीवर बसली नाही, ती अमंगळ होती. ती उभीच राहिली.

दुसरी बस आली तिच्या टपापुढं निंबाचा केवढा तरी भारा बांधला होता, समोरचं दिसत होतं की नाही देव जाणे. तिचा कंडक्टर ओळखीचा नव्हता. आई बाकावर साडी पसरून बसली आणि अरसलार नदी ओलांडेपर्यंत तिनं डोळे मिटून घेतले होते. तिचे ओठ हलत होते. मी खिडकीतून सुकलेली शेतं बघत होते आणि मनात एकच होतं, की पोचल्यावर अक्काच्या सासरी फोडणीची आमटी मिळेल.

वलंगैमानच्या अलीकडे रस्त्यात आडवा बांबू. एक पोलीस, एक झाडाखालचं टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा आणि लस टोचणारा. सगळ्यांनी उतरायचं, दंड दाखवायचा. जुना वण असेल तर पुढं, नसेल तर तिथंच टोचून घ्यायचं, टोचून घ्यायचं नसेल तर आल्या वाटेनं परत. वलंगैमानला मारियम्मनचं, म्हणजे याच अम्माचं, मोठं देऊळ. अम्माच्या दर्शनाला निघालेले लोक अम्माची लस घ्यायला कुरकुरत होते. एक म्हातारा हुज्जत घालून शेताच्या बांधावरून परत चालू लागला, त्याची सून त्याच्यामागं रडत गेली. टोचणारा माणूस कोण जाणे केव्हापासून उभा होता. चेहरा उन्हानं काळवंडलेला, घसा बसलेला. तो कुणाच्या तोंडाकडे बघतच नव्हता, समोर येईल तो दंड बघत होता.

माझ्या हातावर शाळेतल्या वेळचे वण होते. मला त्यानं हातानंच पुढं ढकललं. मग आई. मी मनाची तयारी केली. इथं कसली मडी आणि कसलं काय, आता ही परत फिरणार आणि मी उन्हात हिच्यामागं कुंभकोणपर्यंत चालणार. आईनं पदर आपल्या हातानं बाजूला केला, चोळीची बाही वर सारली आणि उजवा दंड पुढं धरला. टोचणाऱ्यानं बघितलं. गोल व्रण, दातेरी कड, मध्ये खोलगट.

"इरुक्कु," तो म्हणाला. आहे. "पोंगम्मा." जा बाई.

आई क्षणभर तिथंच उभी राहिली. तिचं तोंड उघडलं होतं. मागच्या बाईनं तिला ढोसलं तेव्हा ती चालू लागली.

बसमध्ये बसल्यावर मला हसू आवरेना. त्या दिवसांत हसण्यासारखं दुसरं काही घडलंच नव्हतं. मी म्हटलं, एवढी वर्षं तू त्याला चुकवत होतीस आणि शेवटी देवानंच तुझ्या देवी काढल्या होत्या. आई हसली नाही. नीडामंगलमला रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. बस तिथं किती वेळ उभी होती कोण जाणे, आत भट्टी झाली होती. मी तांब्यातलं पाणी दिलं, तिनं घेतलं नाही. म्हणाली, "तुझे वण दाखव." मी बाही वर केली. तिनं बोट न लावता बराच वेळ बघितलं, मग आपल्या दंडाकडे बघितलं.

"त्यास चक्र कळलं नाही," ती म्हणाली.

"न कळो. आपलं काम झालं."

"आपलं झालं. तिचं, बाळंतिणीचं?"

उकाड्यानं आणि भुकेनं माझं डोकं दुखत होतं, आणि आईचे हे प्रश्न मला नेहमीच मडीसारखे वाटायचे, एकदा सुरू झाले की सगळ्या घराला ओलं करणारे.

दुपार कलता कलता आम्ही अक्काच्या सासरी पोचलो. विहीणबाई दारातच होत्या. सकाळपासून कळा सुरू झाल्या होत्या, सुईण आत होती, मेहुणे तालुक्याच्या कचेरीत नोकरीला, ते गावाबाहेर फिरतीवर होते. पायरीशी पाण्याची घागर ठेवलेली होती. "या विहीणबाई. पाय धुवावे," त्या म्हणाल्या. "येक विचारतें, राग मानूं नये. देवी काढल्यात न्हवे?"

आई पहिल्या पायरीवर होती. आतून अक्काचा कण्हण्याचा आवाज येत होता. मी घाईघाईनं म्हटलं, वाटेत तपासलं, सोडलं.

"नाही," आई म्हणाली. "काढल्या नाहीत. त्यानं चक्र बघून सोडलं." आणि तिनं दंड पुढं केला. विहीणबाईही वैष्णवच. त्यांनी मान वाकडी करून चांगल्या डोळ्यानं बघितलं आणि त्यांना लगेच कळलं. आई पुढं बोलतच राहिली. "आणि आमच्या शेजारीं अम्मा आलीय. तीस पेज मी देतें. दारांत ठेवून नव्हे. आंत जाऊन. तीस उठवत नाही, मी पाजतें."

मला हे माहीत नव्हतं. पेजेचं भांडं परसाच्या भिंतीवर ठेवून येते असं ती आम्हाला सांगायची. मी चार पावलं मागं सरले, आणि सरल्यावर माझी मलाच लाज वाटली. पण त्याहून जास्त राग आला. एवढं होतं तर निघालीच कशाला? उन्हात उभी काय राहिली, त्या झाडाखाली दंड काय पुढं केला? मी तिला तसं विचारलंही, तिथंच, विहीणबाईंच्या देखत.

"घरीं बसवेना," आई म्हणाली. "दारापर्यंत तरी जाऊं म्हटलं."

विहीणबाईंनी "आत या" म्हटलं नाही आणि "परत जा" असंही म्हटलं नाही. समोरचं घर रिकामं होतं, त्याचे मालक मद्रासला राहायचे आणि किल्ली विहीणबाईंकडे असायची. त्यांनी ती आणून पायरीवर ठेवली आणि मागं सरल्या. आईनं उचलली, रस्ता ओलांडला आणि समोरच्या तिण्णैवर जाऊन बसली. पाय धुवायचे राहिलेच.

मला मात्र आत घेतलं. परसात विहिरीवर हळद लावून न्हायला लावलं, माझे कपडे काठीनं उचलून उकळत्या पाण्यात टाकले, अक्काची जुनी साडी दिली. विहीणबाईंनी बजावलं, आई समोर आहे हे तिला सांगायचं नाही. बस मिळाली नाही म्हणून सांग. कळलं तर ती कुणाचं ऐकायची नाही, बोलावील, आणि तिनं बोलावलं की ती आई थांबायची नाही. मला ते पटलं.

अक्काची खोली रस्त्याच्या बाजूची. खिडकी बंद करावी असं विहीणबाईंच्या मनात होतं, पण आत इतकं उकडत होतं की अक्का खिडकीला हात लावू देईना. मी तिच्या उशाशी बसले. तिनं माझा हात धरला, चाचपला आणि सोडून दिला. "आई कुठं?"

"बस मिळाली नाही गे. येईल उद्यां."

"तुज कशी मिळाली मग?"

सुईणीनं तिला ओरडून श्वास घ्यायला सांगितलं म्हणून मी सुटले.

त्यानंतरची दुपार कशी गेली ते नीटसं आठवत नाही. पाणी तापव, फडकी आण, चूल फुंक. प्रत्येक खेपेला ओसरीतून जाताना समोर आई दिसायची. ती तिण्णैच्या खांबाला धरून उभी होती. विहीणबाई मधूनमधून आपल्या ओट्यावर येऊन रस्त्यापलीकडे दबक्या आवाजात सांगायच्या, सुईण पाणी गेलं म्हणते, डोकं खाली आहे म्हणते. आई नुसती मान हलवायची. मधल्या रस्त्यावरून एखादी बैलगाडी जायची, मग पुन्हा दोघी समोरासमोर.

कळा वाढल्या तशी अक्का हाका मारायला लागली. बाळंतपणात आईला हाका मारणं हे काही विशेष नाही, आई मेलेल्या बायकाही मारतात. पण अक्काची हाक तशी नव्हती. ती खरंच बोलावत होती. एक हाक मारायची आणि थांबून ऐकायची, कुणी आलं का. पुन्हा मारायची. मी चूल सोडून ओसरीत गेले तर आई खांबाला पाठ लावून खाली बसली होती आणि पदराचा बोळा तिच्या तोंडात होता.

मग अक्का चिडली. आमच्या घरातल्या बायकांना रडण्याआधी राग येतो. ती ओरडून म्हणाली, इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या आळीला ऐकू जावं, "नाहीच येणार ती. मडींत बसली असेल. तिला तिची मडी मोठी, मी नव्हे."

मी खिडकीकडे धावले, बंद करायला. उशीर झाला होता. समोर आई तशीच बसलेली, दोन्ही हात जमिनीला टेकलेले. ती उठेल असं मला वाटलं. एक पाय तिनं पायरीवर ठेवलाही. मग तो परत वर घेतला. आयुष्यभर तिनं मडीच्या नावानं लोकांना लांब ठेवलं होतं. त्या दिवशी ती स्वतः लांब राहिली होती, आणि तिच्या लेकीला दोन्हींतला फरक कळायला काही मार्ग नव्हता.

दिवेलागणीला मुलगी झाली. रडली, चांगली सणसणीत रडली. विहीणबाईंनी ओट्यावर येऊन सांगितलं, दोघी बऱ्या आहेत. आईनं हात जोडले, मग आत गेली आणि समोरच्या घराचं दार लागल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी मन्नारगुडीचा टोचणारा तिच्याकडे गेला. विहीणबाईंनीच बोलावला होता, आणि बोलवा म्हणून निरोप आईनं दिला होता. उजव्या दंडावर जागा नाही म्हणाली. डावीकडचा शंख मात्र लहानपणीच पुसट झालेला होता, त्याच्या खाली तिनं हात पुढं केला. त्यानं लशीचा थेंब टाकला, टोकदार चकती फिरवली. आईनं ओठ मिटून बघितलं आणि तो वळल्याबरोबर परसात जाऊन भडाभडा ओकली. पाणी लागू देऊ नका असं तो बजावून गेला होता. आईनं डोक्यावरून घागर ओतली, तो हात तेवढा वर धरला. मी रस्त्यापलीकडून बघत होते.

मग वाट बघणं. लस धरते की नाही, आणि मुख्य म्हणजे अम्मा येते की नाही. विहीणबाई तिच्या ओट्यावर जेवणाचं पान ठेवून मागं सरायच्या. ते उष्टं पान आई स्वतः परसात जाळायची. कुंभकोणहून तोच कंडक्टर बातमी घेऊन आला की मामी उठून बसली, तोंडभर वण राहिलेत पण डोळे वाचले. आईच्या दंडाला फोड आला, ताप आला, खपली धरली. रोज सकाळी विहीणबाई बाळ घेऊन ओट्यावर यायच्या, दुपट्यातून चेहरा उघडा करून दाखवायच्या. आई लांबूनच दृष्ट काढायची. आणि मी आत अक्काजवळ बसून तिचे टोमणे ऐकायची. आईनं निरोपसुद्धा पाठवला नाही, आईला नातीचं तोंड बघावंसं वाटलं नाही, आईचा निंब अजून सुकला नाही वाटतं. विहीणबाई म्हणायच्या, सांगूं नकोस, ओली बाळंतीण रस्ता ओलांडून जाईल. मी दात आवळून अंगाई म्हणायची. तिकडे एक, इकडे एक, आणि दोघींच्या मध्ये मी चुलीपुढं. दोघींचाही मला सारखाच वीट आला होता.

आईला काहीही झालं नाही. अम्मा तिच्याकडे फिरकलीच नाही. म्हणजे त्या दिवशी ती सरळ पायऱ्या चढून आत गेली असती, अक्काचा हात धरून बसली असती, तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. हे पुढं किती वेळा मनात आलं आणि दर वेळी माझी नव्यानं चिडचिड झाली. पण तेव्हा ते कुणाला ठाऊक होतं?

खपली पडून खाली नवी कातडी आली, तेव्हा विहीणबाई रस्ता ओलांडून तिच्यापाशी गेल्या, तो हात आपल्या हातात घेऊन त्यांनी वण बघितला आणि म्हणाल्या, "आतां चला." आई त्यांच्या परसात न्हाली, मडीची साडी नेसली आणि अक्काच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

अक्कानं बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "आतां आलीस."

"त्याच दिवशीं आलें," आई म्हणाली. ती उंबऱ्याजवळच बसली, सवयीनं हातभर अंतर ठेवून. विहीणबाईंनी मागून सगळं सांगितलं, समोरचं घर, लस, पेज, सगळं. त्या सांगत असताना अक्का भिंतीकडेच बघत होती.

मग म्हणाली, "मी हाका मारल्या."

"ऐकल्या गे. अस्क्या, येक न येक ऐकल्या."

"मडीचंही?"

"तेंही."

"मग ओ कां दिली नाहीस? येक ओ द्यायची होती. तिथूनच."

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "ओ दिली असती," ती म्हणाली, "तर मज तिथं राहवलं नसतं."

अक्का वळली. तिनं कुशीतलं बाळ उचललं आणि आईच्या मांडीवर ठेवलं. आई नुकतीच न्हाऊन मडीत आली होती. तिनं त्याला दोन्ही हातांनी धरलं.